बादलीतला कातळ

वाघोलीचं नाव दोन तऱ्हेच्या माणसांना ठाऊक असतं. पहिले म्हणजे जगभरातले खनिजांचे संग्राहक. नगर रस्त्यालगतच्या इथल्या दगडखाणींतून कॅव्हन्साइट नावाच्या खनिजाचे गडद निळे गुच्छ निघाले आणि परदेशातल्या संग्रहालयांच्या काचपेट्यांत जाऊन बसले. हे खनिज त्याआधी १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात सापडलं होतं. पण पाहत राहावेत असे नमुने वाघोलीनेच दिले. दुसरे म्हणजे पुण्याच्या पूर्वेला परवडणारा फ्लॅट मिळतो म्हणून तिकडे राहायला गेलेले लोक. त्यांना खाणींचं काही पडलेलं नसतं. टँकर आला का, आज बोअरचं पाणी सोडलंय की टँकरचं, आणि गिझर पुन्हा बंद का पडला, हे त्यांचे प्रश्न. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत आलं, खडकवासला धरणाचं पाणी मात्र त्या वेगाने आलं नाही.

या दोन जमातींचा एकमेकांशी काही संबंध नाही असं वाटतं, पण आहे. कॅव्हन्साइटच्या घडणीत व्हॅनेडियम आणि सिलिकाच्या जोडीला कॅल्शियम आहे. फ्लॅटमधल्या शॉवरची भोकं बुजवणारा पांढरा थरही कॅल्शियमचाच. दोन्ही एकाच कातळाची देणी. एक काचपेटीत गेलं, दुसरं बादलीत आलं.

हा कातळ म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. त्यातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. पावसाचं पाणी आकाशातून येतं तेव्हा त्यात हे दोन्ही जवळजवळ नसतात. ते मातीत मुरतं, मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होतं. एवढंसं आम्लही दगडाला पुरतं. वर्षानुवर्षं भेगांतून झिरपताना ते कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवून घेतं. वाटेत काळ्या मातीतली चुनखडी भेटली तर तीही विरघळवतं. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस इतका पडतो की दगडाशी फार वेळ गप्पा मारायला पाण्याला सवडच मिळत नाही. म्हणून खडकवासला, पानशेत, वरसगाव या धरणांचं पाणी हलकं. पूर्वेकडे सरकावं तसा पाऊस कमी होतो, बाष्पीभवन वाढतं, आणि खोल बोअरमध्ये लागणारं पाणी फार काळ दगडात मुरलेलं असतं. कोकणात जांभा आणि धो धो पाऊस, त्यामुळे तिथल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ. रत्नागिरीकडची माणसं सोलापूर-बीडकडे नोकरीला आली की पहिली तक्रार जेवणाची नसते, अंघोळीची असते.

अंघोळीत नेमकं काय बिघडतं ते कळायला आधी साबण काय आहे ते बघावं लागतं. साबण माणूस हजारो वर्षं करत आला, पण तो काय पदार्थ आहे हे एकोणिसाव्या शतकापर्यंत कुणालाच धड माहीत नव्हतं. १८११ च्या सुमारास पॅरिसमध्ये मिशेल शेव्हरल या तरुण रसायनशास्त्रज्ञाने डुकराच्या चरबीपासून केलेल्या साबणात आम्ल घातलं, तेव्हा मोत्यासारखे चमकणारे स्फटिक हाती आले. चरबीतलं आम्ल त्याला सापडलं होतं. पुढची बारा वर्षं त्याने एकामागून एक तेलं आणि चरब्या फोडून पाहिल्या आणि १८२३ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि मेदाम्लं, आणि साबण म्हणजे त्या मेदाम्लांचा सोडियम किंवा पोटॅशियमशी झालेला क्षार, हे त्याने पक्कं केलं. हा गृहस्थ १०२ वर्षं जगला. जन्म फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधीचा आणि मृत्यू आयफेल टॉवर उभा राहिला त्या वर्षातला.

साबणाच्या रेणूला एक लांब शेपूट असतं, साधारण बारा ते अठरा कार्बनचं. ते तेलात रमतं, पाण्याला टाळतं. दुसऱ्या टोकाला ऋणभाराचं डोकं असतं, ते पाण्यात रमतं. मळाच्या तेलकट कणात शेपटं रुततात, डोकी बाहेर पाण्यात राहतात आणि कण उचलला जाऊन वाहून जातो. सगळं या डोक्यावर अवलंबून आहे, आणि नेमक्या त्याच डोक्यावर कॅल्शियमचा डोळा असतो. सोडियमवर एक धनभार, कॅल्शियमवर दोन. एक कॅल्शियम साबणाचे दोन रेणू डोक्यांनी धरून ठेवतं, आणि तयार झालेला जोड पाण्यात विरघळत नाही. बादलीच्या कडेला चिकटलेली करडी रेघ, टाइल्सवरचा मेणचट पापुद्रा, पांढऱ्या बनियनचा हळूहळू गेलेला रंग, हे सगळं म्हणजे हा जोड. लोक त्याला मळ समजून आणखी साबण लावतात. तो मळ नसतो, मेलेला साबण असतो.

किती साबण मरतो, याचा हिशेब शाळेतल्या रसायनशास्त्रावर होतो. पाण्याची कठीणता, म्हणजे ते किती जड आहे ते, सांगताना त्यातलं सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम जणू कॅल्शियम कार्बोनेटच आहे असं धरून लिटरमागे मिलिग्रॅममध्ये आकडा देतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आय. एस. १०५०० मध्ये, २०० पर्यंतचं पाणी स्वीकारार्ह मानलंय. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. मधला, बोअरच्या पाण्यात नवलाचा नसलेला ५०० हा आकडा घेऊ. वीस लिटरच्या बादलीत मग १० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका ऐवज असणार. तो सगळा फस्त व्हायला ६१ ग्रॅम शुद्ध साबण लागतो. म्हणजे शुद्ध साबणाची १२५ ग्रॅमची वडी घेतली तर तिचा जवळजवळ अर्धा भाग या बादलीत घातल्यावर पहिला टिकाऊ फेस दिसेल. अंघोळ करताना आपण अख्ख्या बादलीत साबण कालवत नाही, अंगावर घासतो, म्हणून नुकसान एवढं होत नाही. साबणाचं पाणी करून त्यात कपडे भिजवणारीला मात्र हा हिशेब जवळजवळ पुरा भरावा लागायचा.

आता याच बादलीत साबणाच्या आधी धुण्याचा सोडा टाकला तर? सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो कॅल्शियमला कार्बोनेटच्या रूपात खाली बसवतो. लागतो साडेदहा-अकरा ग्रॅम. मॅग्नेशियम त्याला इतकं सहज दाद देत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात हिशेब एवढा चोख बसत नाही, तरी अकरा ग्रॅमच्या स्वस्त सोड्याने साठ ग्रॅमच्या महाग साबणाचा जीव वाचतो ही गोष्ट उरतेच. परटाच्या भट्टीत सोडा पडायचा तो यासाठीही. आणि भांडी घासायला चुलीतली राख घेणाऱ्या बाया एकाच मुठीत तीन कामं करत होत्या. राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट पाणी मऊ करायचं, भांड्याच्या तेलाशी थोडा साबणही तयार व्हायचा, आणि राखेचा खरखरीतपणा घासणीचं काम करायचा.

गरीब माणसाचा साबण पाण्यात वाया जातो, ही गोष्ट विज्ञानाने मनावर घेतली ती औद्योगिक इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये. ॲबर्डीनच्या मारिशल कॉलेजात थॉमस क्लार्क नावाचे प्राध्यापक होते. १८४१ मध्ये त्यांनी पाणी मऊ करण्याच्या एका पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि ती पद्धत ऐकताना वेडगळ वाटते: पाण्यातला चुना काढायला पाण्यात चुना घाला. विरघळलेलं कॅल्शियम पाण्यात टिकतं ते बायकार्बोनेटच्या रूपात, म्हणजे जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडच्या आधारावर. चुन्याची निवळी घातली की ती तो कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, मग आधीचं कॅल्शियम आणि घातलेलं कॅल्शियम दोन्ही खडूसारखी खाली बसतात. चूल हेच काम उष्णतेने करते. बायकार्बोनेटमुळे आलेली कठीणता उकळल्यावर जाते, म्हणून तिला तात्पुरती म्हणतात. सल्फेट-क्लोराइडमुळे आलेली उकळून जात नाही. वाघोलीतल्या एका प्लंबरने गिझर उघडून मला कॉइल दाखवली तेव्हा ती बोटाएवढ्या जाड पांढऱ्या कवचात होती. तो म्हणाला, "ताई, ही कॉइल नाही राहिली आता, हा खडक झालाय. वीज दगड तापवतीय, पाणी नाही." क्लार्कसाहेबांनी याहून वेगळं काही सांगितलं नसतं.

क्लार्क यांनीच कठीणता मोजायची साबणाची चाचणी दिली. झाकणाच्या बाटलीत ठरावीक पाणी घ्यायचं, साबणाचं प्रमाणित द्रावण थोडं थोडं घालत हलवायचं, आणि फेस पाच मिनिटं टिकेपर्यंत किती द्रावण लागलं ते बघायचं. आजही घरी हे करून बघण्यासारखं आहे. एकसारख्या तीन बाटल्या घ्या. एकीत पावसाचं किंवा एसीच्या नळीतून गळणारं पाणी, दुसरीत नळाचं, तिसरीत बोअरचं. तिन्हींत साध्या अंगाच्या साबणाच्या पाण्याचे थेंब मोजून टाका. पहिली बाटली काही थेंबांतच फेसाने भरते. तिसरीत आधी दुधासारखा गढूळपणा येतो, मग कण दिसतात आणि फेस उठून लगेच बसतो. एक काळजी घ्या: शाम्पू किंवा भांड्यांचं लिक्विड वापरू नका, तिन्ही बाटल्या सारख्याच फेसाळतील. ते का, हे पुढे येईल.

प्रयोगशाळांनी साबणाची चाचणी कधीच मागे टाकली. आता एडीटीए नावाचा रेणू वापरतात. तो कॅल्शियमला सहा बाजूंनी वेढून धरतो. झुरिकच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी १९४० च्या दशकात त्याची मोजणीची पद्धत बसवली. सूचक रंग घातलेलं द्रावण द्राक्षारसाच्या लालीवरून निळं झालं की काम संपलं. एडीटीए मुळात शोधला गेला तो १९३५ मध्ये जर्मनीत, फर्डिनांड म्युन्झ यांच्याकडून, आणि तोही कापड रंगवण्याच्या पाण्यातलं कॅल्शियम आवरायला. पुन्हा तेच पाणी, तेच कॅल्शियम. आज अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर घटकांच्या बारीक यादीत एडीटीए किंवा एटिड्रोनिक ॲसिड सापडतं, आणि काही लोकांना वाटतं की हा साबण खास जड पाण्यासाठी आहे. तसं नसतं. वर घेतलेल्या बादलीतलं सगळं कॅल्शियम धरायला एडीटीएचा ३८ ग्रॅम सोडियम क्षार लागेल. वडीत तो चिमूटभरही नसतो. तिथे त्याचं काम लोह-तांब्याचे अंश पकडून साबण खवट होऊ न देणं हे आहे.

वेष्टन वाचायचंच असेल तर टी. एफ. एम. वाचा, म्हणजे वडीत एकूण मेदद्रव्य किती. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये ते किमान ७६ टक्के हवं, दुसऱ्यात ७०, तिसऱ्यात ६०. 'बाथिंग बार' असं लिहिलेल्या वडीला ४० टक्केही चालतं. जड पाण्यात कॅल्शियमला पोसून उरणारा साबण अंगाला लागायचा, तेव्हा मुळात वडीत साबण किती हे महत्त्वाचं.

दिवाळीच्या पहाटे हा विषय आपोआप न्हाणीघरात येतो. आधी तेल, मग उटणं, शेवटी साबण. कितीतरी घरांत तो मोती असतो, टाटा ऑइल मिल्सने काढलेला आणि पुढे हिंदुस्तान लिव्हरकडे गेलेला, वर्षातून एकदा दिवाळीलाच आणला जाणारा. रसायनशास्त्राच्या नजरेने बघितलं तर या क्रमात जड पाण्याला पहिल्या दोन पायऱ्यांवर काही करता येत नाही. उटण्यातलं पीठ आणि सुगंधी चूर्ण अंगावरचं तेल शोषून, घासून काढतं. तिथे विरघळायचं, चार्ज सांभाळायचा प्रश्नच नाही. शिकेकाई आणि रिठ्याचंही तसंच. रिठ्याच्या सालीतलं सॅपोनिन फेस करतं, पण पाण्याला धरणारा त्याचा भाग साखरेच्या रेणूंचा असतो. कॅल्शियमला तिथे पकडायला साबणासारखं डोकं सापडत नाही. पैठणी रिठ्याच्या पाण्यात धुवायची रीत रेशमाला अल्कली सोसत नाही म्हणून आहे, पण मराठवाड्याच्या पाण्यात तिचा दुसरा फायदा होताच: रेशमाच्या धाग्यांत साबणाची करडी कीट बसत नाही. पैठणचं पाणी कसं आहे हे कुणी मोजायच्या आधीपासून हा उपाय हातात होता.

साबणांतही एक जात जड पाण्याला जरा जास्त पुरून उरते, खोबरेल तेलाची. त्यातल्या लॉरिक आम्लाचं शेपूट बारा कार्बनचं, म्हणजे चरबीतल्या स्टिअरिकपेक्षा सहाने आखूड. त्याचा साबण पाण्यात सहज आणि भरपूर विरघळतो. समुद्राच्या पाण्याची कठीणता सहा हजारांच्या वर भरते, मुख्यतः मॅग्नेशियममुळे. त्यात साधा साबण दह्यासारखा फाटतो. म्हणून खलाशांसाठीचा साबण खोबऱ्याचा असायचा.

आणि मग डाळ. वाघोली-खराडीकडे स्वयंपाकाला माणूस ठेवायची बोलणी चालू असतात तेव्हा, "पाणी कसलं आहे हो तुमच्याकडे?" हा प्रश्न येतो, आणि तो फुकटचा नसतो. तुरीच्या दाण्याच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिनने. पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनला आणखी घट्ट सांधतं, मग कुकरच्या शिट्यांवर शिट्या होतात आणि डाळ तशीच टणक. चिमूटभर खायचा सोडा टाकला की ती गळते, पण थायमिन हे जीवनसत्त्वही बऱ्यापैकी जातं. साबणाचं आणि डाळीचं दुखणं एकच आहे, हे स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत असतं. पाठ्यपुस्तकात मात्र दोन्ही वेगवेगळ्या धड्यांत येतात.

साबणाचा कॅल्शियमशी सामना संपवायचा एक मार्ग म्हणजे साबणच सोडून देणं. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला आणि १९१६ मध्ये चरबीशिवाय चालणारी पहिली कृत्रिम क्षालकं, म्हणजे डिटर्जंट, निघाली. त्यांच्या डोक्यात साबणातल्या कार्बोक्झिलच्या जागी सल्फोनेट किंवा सल्फेट असतं, आणि त्यांचे कॅल्शियमचे क्षार पाण्यात बऱ्यापैकी विरघळतात. म्हणून बाटलीच्या प्रयोगात शाम्पू चालत नाही. पण नुसतं क्षालक पुरेसं नव्हतं, कॅल्शियम मळालाही कापडाशी बांधून ठेवतं. १९४६ मध्ये अमेरिकेत टाइड आला तो क्षालकाला सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटची जोड देऊन. फॉस्फेट कॅल्शियमला पाण्यातच धरून ठेवतं, खाली बसू देत नाही. आपल्याकडे सर्फ १९५९ मध्ये आला. तो परवडायचा सुखवस्तू घरांना. १९६९ मध्ये अहमदाबादला करसनभाई पटेलांनी घरच्या अंगणात निरमा कालवायला घेतला आणि सायकलवरून विकला. त्यात काय होतं? बराचसा सोडा. परटाच्या भट्टीतला सोडा पिवळ्या पुडीतून घरोघरी परत आला, असं मी म्हणेन. त्याने हात जळतात अशी टीका व्हायची, ती खोटी नव्हती. पण जड पाण्याच्या गावांत त्याने कपडे निघायचे, हेही खोटं नव्हतं.

इथून पुढे एक गोष्ट सारखी समोर येते. कॅल्शियम कुणीच नाहीसं करत नाही, फक्त दुसरीकडे हलवतं, आणि हलवायला वापरलेली वस्तू कुठेतरी बाहेर पडते. साबण निदान कॅल्शियमला घेऊन बुडायचा आणि जिवाणूंना सहज पचायचा. सुरुवातीच्या क्षालकांची फांद्या फुटलेली शेपटं जिवाणूंना पचत नव्हती. १९५०-६० च्या दशकांत युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले. जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, अमेरिकेतल्या उत्पादकांनी १९६५ पर्यंत सरळ शेपटाची क्षालकं आणली. फॉस्फेटचं दुखणं वेगळं. ते शेवाळाचं खत. अमेरिका-कॅनडामधलं ईरी सरोवर त्याने गुदमरलं. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतानाची छायाचित्रं अलीकडे दरवर्षी वारीच्या सुमारास छापून येतात, वारकरी त्यातच स्नान करताना दिसतात. तिथे कारखान्यांचं आणि गावांचं बिनशुद्ध सांडपाणी मिळून जे काय येतं त्यात क्षालकंही असणारच. एवढं सांगता येतं की पाणी जड असलं तरी क्षालकांचा फेस बसत नाही. साधा साबण असता तर बसला असता.

फॉस्फेटला पर्याय शोधताना हेंकेल कंपनीच्या संशोधकांची नजर पुन्हा दगडाकडे गेली. झिओलाइट हा खनिजांचा गट आत पोकळ्या असलेला. त्या पोकळ्यांत सैल बसलेले सोडियमचे आयन कॅल्शियम दिसताच जागा सोडतात. कारखान्यात बनवलेलं झिओलाइट-ए सोडियमने भरून पावडरमध्ये घालायचं, ते पाण्यातलं कॅल्शियम उचलतं आणि गाळ होऊन वाहून जातं. १९७० च्या दशकात पेटंट झालं, १९८० च्या दशकात फॉस्फेटमुक्त पावडरी बाजारात आल्या. आता वाघोलीच्या खाणीत परत चला. कॅव्हन्साइटचे निळे गुच्छ बसलेले असतात ते बहुधा स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइटच्या पांढऱ्या-गुलाबी स्फटिकांवर, आणि ही दोन्ही झिओलाइटच. पुणे, नाशिक, जळगाव, सगळ्या दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट भरलंय. जगभर इथले नमुने विकले जातात. मग वाघोलीच्या पायाखाली एवढा पाणी मऊ करणारा दगड असताना तिथलं पाणी जड का? कारण इथली झिओलाइटं बहुतेक कॅल्शियमचीच आहेत. लाव्हा थंड झाल्यानंतर गरम पाणी भेगांतून फिरलं, त्यातलं कॅल्शियम त्यांनी तेव्हाच भरून घेतलं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच त्यांच्या सगळ्या जागा बुक झाल्या आहेत.

सोसायट्यांत बसवतात तो सॉफ्टनर हीच अदलाबदल करतो. मातीही असंच करते हे १८५० मध्ये इंग्लंडमध्ये थॉम्प्सन आणि वे यांनी दाखवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनच्या रोबर्ट गान्स यांनी कृत्रिम झिओलाइट वापरून पाणी मऊ केलं, आणि १९३५ मध्ये लंडनच्या ॲडम्स-होम्स जोडीने त्या जागी रेझिन बनवलं. टाकीत पिवळसर बारीक मणी असतात, सोडियमने भरलेले. पाणी गेलं की मणी कॅल्शियम ठेवून घेतात, सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं दाट पाणी फिरवून कॅल्शियम बाहेर ढकलायचं. म्हणून अशा सोसायटीच्या पंपरूममध्ये मिठाची पोती असतात, आणि वार्षिक सभेत कुणीतरी उठून विचारतंच, "एवढं मीठ कोण खातं इथे?"

सभेतलं दुसरं हमखास दृश्य म्हणजे विक्रेत्याचं प्रात्यक्षिक. ग्लासात दोन विजेच्या कांड्या बुडवतात, पाणी लालसर-काळं होतं, आणि "बघा, काय पिताय तुम्ही!" असं म्हणतात. कांड्यांपैकी एक लोखंडी असते, विजेने तीच विरघळते. बाटलीबंद पाण्यात चिमूटभर मीठ घालून करा, तेही काळं होईल. दुसरा विक्रेता टी. डी. एस. मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं यंत्र, काढतो. सॉफ्टनरने टी. डी. एस. कमी होत नाही, कॅल्शियमच्या जागी सोडियम आलं एवढंच. चुंबकाचा पट्टा पाइपला बांधून पाणी मऊ करून देणारा तिसरा असतो. चुंबकाने कॅल्शियम पाण्याबाहेर जात नाही. साध्या अंगाच्या साबणाची बाटलीतली चाचणी आधी आणि नंतर करा एवढंच मी सुचवते. पट्टेवाले ती करायला तयार नसतात.

केसगळतीचं काय, मुतखड्याचं काय, हे प्रश्न ओघाने येतात. जड पाणी प्यायल्याने माणसाचं काही बिघडतं असा खात्रीचा पुरावा नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. इसबाबद्दल इंग्लंडमध्ये चांगली मोठी चाचणी झाली. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी इसब असलेल्या ३३६ मुलांपैकी निम्म्यांच्या घरी सॉफ्टनर बसवले, बारा आठवडे बघितलं, आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापला: सॉफ्टनरने इसबात फरक पडला नाही. केसांबाबत छोट्या अभ्यासांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. केस रखरखीत होतात, शाम्पू जास्त लागतो, हा अनुभव खरा आहे. त्यापुढचं बरंचसं फिल्टरच्या जाहिरातीतून आलंय.

बाथरूमसाठी एक उपयोगाची गोष्ट सांगून पुढे जाते. तोटीवरचा टणक पांढरा थर म्हणजे कार्बोनेट, त्याला लिंबू किंवा व्हिनेगर चालतं, बुडबुडे येऊन जातो. बादलीवरचा मेणचट करडा थर वेगळा, तो साबणाचा. त्याच्यावर आम्ल घातलं तर कॅल्शियम जातं, पण मागे मेदाम्ल उरतं आणि तेही पाण्यात विरघळत नाही. आम्लाने पुसून धुतल्यावर वरून गरम सोड्याचं पाणी किंवा भांड्यांचं लिक्विड हवंच.

सॉफ्टनरच्या हिशेबातली शेवटची ओळ बागेत वाचायला मिळते. ५०० कठीणतेचं पाणी पूर्ण मऊ केलं की लिटरमागे सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियम त्यात येतं. शिवाय मणी धुतलेलं खारं पाणी गटारात, गटारातून नाल्यात. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटाच्या मतदारांनी २००८ मध्ये घरगुती खारे सॉफ्टनर काढून टाकायला कौल दिला तो नदीतल्या क्लोराइडमुळे. आपल्या काळ्या मातीला सोडियम आणखी वाईट. चिकणमातीचे कण एकत्र धरून ठेवतं ते कॅल्शियम. त्याच्या जागी सोडियम शिरलं की कण सुटे होतात, माती ओली असताना चिखल आणि सुकल्यावर फरशी होते, पाणी आत जातच नाही.

एका सोसायटीत लॉन पिवळं पडत चाललं होतं. माळीकाका हौदाच्या पाण्याची चव घेऊन पाहत होते. कमिटीच्या सेक्रेटरीने खत बदलायचं सुचवलं. काका म्हणाले, "खत कशाला बदलता साहेब, पाणी बदला. वरच्या मजल्यावर तुम्हाला गोडं पाणी लागतं ते घ्या की. पण हे मशीनमधलं मला नको. मला सरळ बोअरचं द्या, जड असलं तरी चालंल." पुढच्या महिन्यात प्लंबरने सॉफ्टनरच्या आधी एक टी बसवून बागेसाठी वेगळा पाइप काढला.